सर्व्हरचे दफ्तर

लिनक्सच्या आरंभीच्या वर्षांत सर्व्हरवर एखादा नवा प्रोग्रॅम बसवावयाचा म्हणजे त्याची मूळ संहिता कोठून तरी उतरवून घ्यावी, तिचे गाठोडे सोडावे, आपल्या यंत्राच्या प्रकृतीशी ती जुळते की नाही याची चाचपणी करावी, मग ती कंपाइल करावी आणि हे सारे निर्विघ्न पार पडलेच तर ‘मेक इन्स्टॉल’ अशी आज्ञा द्यावी, असा रिवाज होता. या शेवटच्या आज्ञेसरशी तो प्रोग्रॅम यंत्रभर विखरून जाई. चालवावयाची फाइल एका फोल्डरात, तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या दुसऱ्यात, माहितीची पाने तिसऱ्यात आणि सेटिंग्जची फाइल चौथ्यात. त्यात गैर काही नव्हते, कारण युनिक्सची मांडणीच मुळी तशी आहे. गैर होते ते एवढेच, की काय कोठे गेले याची नोंद कोणापाशीही राहत नसे. पुढे तोच प्रोग्रॅम काढून टाकण्याची वेळ आली, किंवा त्याची नवी आवृत्ती निघाली, किंवा नोकरी सोडून गेलेल्या प्रशासकाच्या जागी नवा माणूस रुजू झाला, म्हणजे या नोंद नसण्याचा जाच सुरू होई, आणि कोणती फाइल कोणाची व कोणाच्या हुकमाने आलेली, याचा उलगडा करण्यात दिवसच्या दिवस जात.

पॅकेज मॅनेजर म्हणजे प्रोग्रॅम उतरवून घेण्याचे सोयीचे साधन, अशी समजूत आज सर्रास आढळते. ती चुकीची नसली तरी अपुरी खास आहे. उतरवून घेणे हे त्याचे किरकोळ काम. त्याचे मुख्य काम दफ्तरदाराचे. यंत्रावर काय आहे, ते कोठून आले, कोणाच्या आधारावर उभे आहे आणि कोणाला आधार देत आहे, याची चोख नोंद ठेवणे आणि त्या नोंदीशी विसंगत असे काही घडू न देणे, यासाठी त्याची योजना झालेली आहे. कमांड लाइनवरच्या ज्या आज्ञा नवशिक्याला मंत्रांसारख्या पाठ कराव्या लागतात, त्या या दफ्तराच्या अंगाने पाहिल्या की आपोआप उलगडतात. म्हणून आज्ञांची जंत्री देण्याऐवजी हे दफ्तर कसे चालते तेच येथे पाहू.

त्यासाठी डेबियन ही प्रणाली उदाहरणादाखल घेणे सोयीचे आहे, कारण तिच्यापासून निघालेल्या उबुंटूलाही येथले बहुतेक सर्व लागू पडते. पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. पुढच्याच वर्षी ‘डीपीकेजी’ हा तिचा पॅकेज मॅनेजर आकाराला आला आणि त्याचा मुख्य भाग इयन जॅक्सन याने सी भाषेत नव्याने लिहिला. तीन दशके लोटली, पण डेबियनचे दफ्तर अजून याच डीपीकेजीच्या हाती आहे. त्याला जी फाइल समजते ती ‘डेब’ फाइल. ती उघडून पाहिली तर आत तीनच वस्तू निघतात. पहिली म्हणजे नमुन्याचा क्रमांक सांगणारी एक इवलीशी फाइल, जिच्यात ‘२.०’ एवढाच मजकूर असतो. दुसरे, कागदपत्रांचे गाठोडे. आणि तिसरे, प्रत्यक्ष मालाचे. कागदपत्रांत पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्याला कोणकोणत्या पॅकेजांची गरज आहे, कोणाशी त्याचे पटत नाही, मालातील प्रत्येक फाइलची पडताळणी करण्याजोगा अंक कोणता, आणि पॅकेज बसविण्यापूर्वी व बसविल्यानंतर, तसेच काढण्यापूर्वी व काढल्यानंतर कोणत्या स्क्रिप्टी चालवाव्यात, हे सर्व असते.

हा माल जागोजागी लावून झाला की डीपीकेजी आपल्या बाडात त्याची नोंद करतो. हे बाड ‘व्हार’ फोल्डरात खोलवर असलेली ‘स्टेटस’ नावाची एक साधी, डोळ्यांनी वाचता येणारी मजकूर-फाइल होय. तीत गूढ असे काहीही नाही. एखादी अनोळखी फाइल नजरेस पडली तर ‘डीपीकेजी’पुढे उणे चिन्ह, मोठ्या लिपीतला ‘एस’ आणि त्या फाइलचा संपूर्ण मार्ग लिहावा, की ती कोणत्या पॅकेजची हे तात्काळ कळते. ‘एस’च्या जागी ‘एल’ आणि मार्गाच्या जागी पॅकेजचे नाव लिहिले तर त्या पॅकेजच्या सर्व फाइलींची यादी समोर येते, आणि ‘व्ही’ लिहिला तर मूळ मालातली कोणती फाइल नंतर बदलली गेली हेही उघड होते. ज्या फाइलला कोणीच धनी सापडत नाही, ती एकतर पॅकेजच्या स्क्रिप्टने किंवा चालू प्रोग्रॅमने मागाहून निर्माण केलेली असते, नाहीतर कोणीतरी दफ्तराबाहेरून आणून टाकलेली. परक्या सर्व्हरचा ताबा घेताना पहिला तास या चौकशीत घालविणे श्रेयस्कर.

डीपीकेजीचा एक दोष मात्र प्रारंभापासून जाणवत होता. पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज यंत्रावर नसेल तर तो तक्रार करून थांबे, पण ते आणून देत नसे. त्या दुसऱ्याला तिसऱ्याची आणि तिसऱ्याला चौथ्याची गरज, शिवाय चौथ्याचे पहिल्याशी वाकडे, अशा दशावतारात सापडलेल्या प्रशासकांनी या अवस्थेला नरकाची उपमा दिली होती, आणि ती अतिशयोक्त म्हणता येणार नाही. कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीत घेतले असता सर्वांच्या अटी एकदम पाळल्या जातील, हा प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात संगणकशास्त्रातील अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे पुढे सिद्धही झाले. डेबियनने यावर काढलेली तोड म्हणजे ‘ॲप्ट’. मार्च १९९९ मध्ये निघालेल्या २.१ या आवृत्तीबरोबर ती सर्वांच्या हाती आली. रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम आणि त्यावर यम, पुढे डीएनएफ, अशी समांतर परंपरा आहे. नावे निराळी असली तरी श्रमविभाग तोच.

ॲप्ट स्वतः फाइली लावीत नाही. ती भांडारांची, म्हणजे पॅकेजे साठवलेल्या दूरच्या सर्व्हरांची, सूची वाचते, अटींचा हिशेब मांडते, हवा तो माल मागवते आणि योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हवाली करते. येथेच ‘ॲप्ट अपडेट’ आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ या दोन आज्ञांमधला, नवशिक्याला हमखास चकविणारा भेद स्पष्ट होतो. ‘अपडेट’ने सर्व्हरवरचा एकही प्रोग्रॅम बदलत नाही, भांडारात आज काय उपलब्ध आहे, त्याची यादी तेवढी ताजी होते. ‘अपग्रेड’ ही त्या यादीशी घरची नोंद ताडून पाहून जुने ते बदलते. यादी महिनाभर जुनी असताना केलेले अपग्रेड महिन्यापूर्वीच्या सत्यावर आधारलेले असते, आणि ज्या फाइली भांडारातून केव्हाच हटल्या आहेत त्या मागू लागल्याने ते पुष्कळदा अडतेही. साध्या अपग्रेडची आणखी एक मर्यादा आहे. आधी बसविलेले पॅकेज ते कधीही काढून टाकत नाही. बदल करण्यासाठी काही काढणे अपरिहार्य असेल तर ‘फुल-अपग्रेड’ म्हणावे लागते, आणि ते म्हणताना माणसाने खुर्चीत सरसावून बसावे.

कारण यानंतर ॲप्ट जो मजकूर समोर मांडते तो वाचण्यासाठी असतो. एखादा वेब सर्व्हर बसविण्याची आज्ञा दिली तर ती लगेच कामाला लागत नाही. अमुक पॅकेजे नव्याने येतील, अमुक बदलतील, अमुक निघतील, इतका माल उतरवावा लागेल, डिस्कवर इतकी जागा व्यापली जाईल, असा जाबता आधी सादर करते आणि मग होय की नाही असे विचारते. यातली ‘निघतील’ या मथळ्याखालची ओळ सर्वांत मोलाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबकाराने पॉप ओएस या उबुंटूकुळातील प्रणालीवर ‘स्टीम’ हा खेळांचा प्रोग्रॅम बसविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या क्षणी भांडारातील पॅकेजांत काही विसंगती होती, आणि स्टीम हवे तर संपूर्ण डेस्कटॉप काढावा लागेल असे ॲप्टचे गणित निघाले. ॲप्टने तसे बजावले, एवढेच नव्हे तर ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे अख्खे इंग्रजी वाक्य टंकित केल्याखेरीज पुढे जाणार नाही असेही सांगितले. त्याने ते वाक्य टंकित केले आणि डेस्कटॉप गेला. अनेकांना तो हसण्याचा विषय वाटला. परंतु ॲप्टच्या कर्त्यांनी त्यावरून हा मार्ग आणखी अरुंद केला, यात त्यांचा विवेक दिसतो. सर्व्हरवर हीच घटना घडली तर हसावयाला कोणी नसते. म्हणून उत्तर आपोआप ‘होय’ देणारी ‘वाय’ची खूण स्क्रिप्टमध्ये शोभते, माणसाच्या हाती नाही, आणि स्क्रिप्टमध्ये ‘ॲप्ट’ऐवजी जुनी ‘ॲप्ट-गेट’ वापरावी, कारण २०१४ साली रूढ झालेल्या आटोपशीर ‘ॲप्ट’चे बोलणे माणसासाठी आहे आणि ते पुढे बदलू शकते, अशी ताकीद ती स्वतःच देते.

आता विश्वासाचा प्रश्न. भांडार दूर कोठे तरी असते, वाटेत नाना प्रकारची यंत्रे असतात, मग आलेला माल अस्सल कशावरून? डेबियन प्रत्येक पॅकेजवर स्वतंत्र शिक्का मारत बसत नाही. संपूर्ण भांडाराचा एक ताळेबंद असतो, त्यात सूच्यांचे पडताळणी-अंक असतात, सूच्यांत प्रत्येक पॅकेजचा अंक असतो आणि ताळेबंदावर गुप्तकुंजीने केलेली सही असते. एक सही तपासली की साखळीने सारे तपासले जाते. मधल्या एका अक्षराचा जरी बदल झाला तरी ॲप्ट तो माल नाकारते. म्हणूनच मूळ भांडाराऐवजी जवळच्या एखाद्या महाविद्यालयाने ठेवलेल्या प्रतिकृतीवरून माल घेण्यास प्रत्यवाय नाही.

पण सही कोणाची हे मोहोर सांगते, आतला मजकूर निर्दोष आहे असे ती सांगत नाही. २००६ मध्ये व्हॅलग्राइंड या तपासनीस प्रोग्रॅमच्या कुरकुरीवरून डेबियनच्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीमधून काही ओळी गाळण्यात आल्या, आणि त्या ओळींबरोबर यदृच्छ संख्या निर्माण करण्याचा गाभाच निघून गेला. परिणामी त्या यंत्रांवर निर्माण होणाऱ्या गुप्तकुंज्या, यंत्राचा प्रकार व कुंजीची लांबी ठरली की, फार तर ३२,७६८ प्रकारच्याच असू शकत. म्हणजे चोराने सगळ्या एकेक करून लावून पाहाव्यात इतक्याच. लुसियानो बेल्लो याला हा प्रकार आढळला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. दीड वर्षाहून अधिक काळ हे सदोष पॅकेज यथाविधि सही-शिक्क्यानिशी घरोघर जात होते. त्यावरची उपाययोजना मात्र त्याच दफ्तराच्या मार्गाने झाली. सुधारलेले पॅकेज तर आलेच, शिवाय कमकुवत कुंज्यांची काळी यादी हीसुद्धा एक पॅकेज म्हणूनच वाटण्यात आली.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक भयावह आहे. एक्सझेड या दाबबंद फाइलींच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी चोरदरवाजा ठेवला होता. हे काम करणाऱ्याने ‘जिया टॅन’ या नावाने दोनएक वर्षे इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पाची मालकी जवळजवळ मिळवली होती, आणि चोरदरवाजा उघडणारी ओळ सार्वजनिक संहितेत न ठेवता केवळ वाटपाच्या गाठोड्यात ठेवली होती. त्या ओळीने चालू होणारी स्क्रिप्ट चतुर इतकी, की आपण डेब किंवा आरपीएम पॅकेजासाठी तयार होत आहोत का हे ती आधी पाही आणि तसे असेल तरच जागी होई. दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या एसएसएच सेवेला या लायब्ररीशी वास्तविक काही कर्तव्य नाही. पण काही वितरकांनी एसएसएचला, यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या लायब्ररीशी जोडलेले होते आणि ती लायब्ररी एक्सझेडवर अवलंबून होती, अशा आडवळणाने हा पाहुणा थेट उंबरठ्यावर येऊन बसला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांपैकी अँड्रेस फ्रॉइंड याला आपल्या डेबियनवर एसएसएचने शिरताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. त्याने पाठपुरावा केला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे उजेडात आले. त्याच्या संशयाला बळ देणाऱ्या खुणांत व्हॅलग्राइंडच्याच तक्रारी होत्या, ही गोष्ट २००६चा प्रसंग ज्याला ठाऊक आहे त्याला मौजेची वाटेल.

सर्व्हरवाल्यांच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा तपशील असा, की डेबियनच्या ‘स्टेबल’ शाखेत ते पॅकेज पोहोचलेच नव्हते. नवा माल आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतो, तेथून ‘टेस्टिंग’मध्ये झिरपतो आणि सुमारे दोन वर्षांनी एकदा ‘स्टेबल’ म्हणून गोठवला जातो. या शाखांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील पात्रांची नावे देण्याचा प्रघात आहे, आणि अनस्टेबलचे कायमचे नाव ‘सिड’ आहे. चित्रपटात सिड हा शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. स्टेबलवर नेहमी असा आक्षेप येतो, की तीतले सर्व काही शिळे असते. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, आणि तोच तिचा गुण आहे.

शिळे म्हणजे सदोष नव्हे, हे मात्र उमगावे लागते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला, तेव्हा १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्या बाधित असून १.०.१जी घ्यावी, असे मूळ कर्त्यांनी सांगितले. तेव्हाच्या डेबियन स्टेबलवर १.०.१ई होती, आणि अपग्रेड केल्यावरही ती १.०.१ईच दिसत राहिली. पुष्कळ प्रशासकांचा जीव टांगणीला लागला. वस्तुतः डेबियनने नवी आवृत्ती न घेता केवळ दोष काढणारा तुकडा जुन्या आवृत्तीला जोडला होता, आणि पॅकेजच्या पूर्ण क्रमांकात, म्हणजे ‘१.०.१ई-२+डेब७यू५’ यातल्या अधिक चिन्हापुढच्या शेपटात, तो बदल नोंदलेला होता. त्या शेपटाचा अर्थ असा, की डेबियन ७ साठी केलेली ही पाचवी दुरुस्ती. म्हणून सर्व्हरवर दोष आहे की नाही हे प्रोग्रॅमला त्याची आवृत्ती विचारून ठरवू नये. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ ही आज्ञा देऊन दफ्तरातला पूर्ण क्रमांक पाहावा आणि डेबियनच्या सुरक्षा-सूचनेशी ताडावा. त्याच प्रसंगी दुसरा धडाही मिळाला. डिस्कवरची लायब्ररी बदलली, तरी आधीपासून चालू असलेल्या सेवा स्मरणातली जुनीच प्रत वापरत राहतात. सेवा पुन्हा सुरू केल्याखेरीज दुरुस्ती अंमलात येत नाही. कोणत्या सेवा जुन्या प्रतीवर चालल्या आहेत हे ‘नीडरिस्टार्ट’ नावाचे छोटे पॅकेज सांगते, आणि ते प्रत्येक सर्व्हरवर असावे असे माझे मत आहे.

पॅकेज काढण्याचे दोन प्रकार आहेत. ‘रिमूव्ह’ने माल जातो, पण ‘ईटीसी’ फोल्डरातील सेटिंग्ज राहतात. ‘पर्ज’ने त्याही जातात. पॅकेजांची यादी मागविली असता बहुतेक ओळींच्या आरंभी ‘आयआय’ ही अक्षरे दिसतात, पण मध्येच एखाद्या ओळीला ‘आरसी’ दिसते. माल गेला आणि कागद राहिले, असा त्याचा अर्थ. सेटिंग्जविषयीची डेबियनची ही अदब अपग्रेडच्या वेळीही दिसते. आपण हाताने बदललेल्या सेटिंग-फाइलची नवी आवृत्ती पॅकेजमधून आली, तर डीपीकेजी ती आपल्यावर लादत नाही. काम मध्येच थांबवून विचारतो, की तुमची ठेवू, नवी घेऊ, की दोन्हींतला फरक दाखवू? काहीच न सांगता एंटर दाबले तर तुमचीच ठेवतो. घाईत असलेल्या माणसाला हा प्रश्न उपद्रवी वाटतो. त्याने फरक पाहण्याचे उत्तर एकदा तरी द्यावे.

दफ्तर कितीही चोख असले तरी त्याला बगल देणारे असतातच. इंटरनेटवरची एखादी स्क्रिप्ट उतरवून न वाचता थेट रूटच्या अधिकाराने चालविणे हा त्यातला सर्वांत बेदरकार प्रकार, आणि खेदाची गोष्ट अशी, की नामांकित प्रकल्पही आपल्या मुखपृष्ठावर तोच मार्ग सुचवितात. पायथन भाषेच्या पिप या पॅकेज-साधनाने सर्व यंत्रासाठी पॅकेजे बसविण्याची सवय त्याच्या खालोखाल होय. पिपला ॲप्टच्या नोंदी ठाऊक नसतात आणि ॲप्टला पिपच्या. एकाने बसविलेल्या लायब्ररीवर दुसऱ्याने कुरघोडी केली, की सर्व्हरची स्वतःची साधने बंद पडू लागतात. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून पिप अशा प्रयत्नाला साफ नकार देते आणि निराळे आभासी वातावरण तयार करावयास सांगते. तिसऱ्या पक्षाची भांडारे जोडणे तितके वाईट नाही, कारण त्यांचा माल निदान दफ्तरात चढतो. पण रूटच्या अधिकाराने आपल्या यंत्रावर वाटेल ते बसविण्याचा मुखत्यारनामाच आपण त्यांना लिहून देत असतो, हे विसरू नये. शिवाय डेबियन १२ च्या स्वतःच्या भांडारात ६४,००० हून अधिक पॅकेजे आहेत. बाहेर जाण्यापूर्वी ‘ॲप्ट सर्च’ करून घरात शोधलेले बरे.

कधी कधी आज्ञा दिल्यावर ॲप्ट म्हणते, की दफ्तराला कुलूप आहे. बहुधा पार्श्वभूमीला आपोआप सुरक्षा-अपडेट बसविणारा ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हा प्रोग्रॅम त्या वेळी काम करीत असतो. अशा वेळी कुलपाची फाइलच पुसून टाकण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो कदापि मानू नये, कारण दोन हात एकाच वेळी एका बाडात लिहू लागले तर बाड बिघडणारच. पाच मिनिटे थांबावे. अपग्रेड चालू असता दूरचा संपर्क तुटला आणि काम अर्धवट राहिले, तर ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ या खुणा देऊन राहिलेले काम पुरे करून घेता येते. पण मुळात लांबणारे काम ‘टीमक्स’च्या सत्रात सुरू केले तर संपर्क तुटूनही ते चालू राहते. आणि काल रात्री सर्व्हरवर काय बदलले, हा प्रश्न सकाळी उभा राहिला तर अंदाज बांधू नयेत. ‘व्हार’ फोल्डरातील ॲप्टच्या ‘हिस्टरी’ नोंदवहीत आज्ञा, वेळ आणि जुन्या-नव्या आवृत्त्या सर्व काही लिहिलेले असते.

एका स्टेबलवरून पुढच्या स्टेबलवर जाणे हे यातले सर्वांत मोठे काम. डेबियनची प्रत्येक स्टेबल आवृत्ती सुमारे तीन वर्षे पूर्ण देखभालीखाली असते आणि पुढे दीर्घकालीन देखभालीची दोन वर्षे मिळतात. ती मुदत उलटल्यावर ‘ॲप्ट अपडेट’मधून सुरक्षेची एकही दुरुस्ती येणार नाही. मधली आवृत्ती गाळून उडी मारण्यास डेबियनची मान्यता नाही. ११ वरून १३ वर जावयाचे असेल तर १२ वर मुक्काम करावाच लागतो. निघण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, बाहेरची भांडारे तात्पुरती बंद करावीत, आणि त्या आवृत्तीची प्रकाशन-टिपणे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावीत. ती इंग्रजीत आहेत, लांबलचक आहेत, आणि बहुतेकजण ती अपग्रेड फसल्यावर वाचतात. वाचकांनी ती आधी वाचावीत.